सुफळ संपूर्ण होण्यापूर्वी

श्रावणातल्या कहाण्या ऐकत वाढलेल्या माणसाला एक खोड जडते. गोष्टीत कोणी हालअपेष्टा भोगू लागले की त्याला उलट धीर येतो. नावडत्या राणीला गावाबाहेर खोपट मिळाले, की आता हिला देव पावणार हे तो ओळखून असतो. ‘सुफळ संपूर्ण’ हे शब्द कानी पडले म्हणजे मागचा सारा छळ खात्यात जमा होऊन हिशेब मिटतो.

कातालिन कारिको या हंगेरियन शास्त्रज्ञ बाईंची हकीकत गेली काही वर्षे आपण याच चालीवर सांगत आलो आहोत. आणि खरे म्हणजे ती त्या चालीत बसतेही छान. खाटकाची मुलगी. लहानपणच्या घरात नळसुद्धा नव्हता. सेगेदच्या संशोधन संस्थेतले काम १९८५ साली पैशाअभावी संपले, तेव्हा नवरा आणि दोन वर्षांची मुलगी यांना घेऊन त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला आल्या. देशाबाहेर पैसा नेण्यावर बंधन होते, म्हणून मोटार विकून उभे केलेले ९०० पौंड मुलीच्या खेळण्यातल्या अस्वलाच्या पोटात शिवून नेले. १९८९ पासून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आरएनएवर काम सुरू झाले. अनुदानाचे अर्ज एकामागून एक परत येत राहिले. १९९५ साली त्यांना सांगण्यात आले : एक तर जा, नाही तर खालच्या पदावर राहा. त्याच सुमारास कर्करोगाची शंका निघालेली, आणि नवरा व्हिसाच्या घोळामुळे हंगेरीत अडकलेला. बाई खालच्या पदावर राहिल्या. २०१३ साली तेथूनही बाहेर पडून त्या जर्मनीतल्या बायोएनटेक कंपनीत गेल्या. २०२० साली महासाथ आली, आणि त्यांच्या संशोधनावर उभ्या असलेल्या लसी जगभर टोचल्या गेल्या. (आपल्याकडे बहुतेकांनी घेतलेली कोविशील्ड पुण्यात तयार झाली खरी, पण ती या जातीची नव्हे.) २०२३ साली ड्रू वाइसमन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. कहाणी सुफळ संपूर्ण.

मागल्या दिवाळीत फराळाच्या वेळी मी हीच हकीकत घरच्या मंडळींना रंगवून सांगत होतो. माझी पुतणी पाच वर्षे एका प्रयोगशाळेत एकाच प्रथिनाच्या मागे लागलेली आहे. हाती अजून काही नाही. ती म्हणाली, ‘काका, तुम्ही २०२३ मध्ये बसून बोलता आहात. मी १९९५ मध्ये आहे. तिथून पुढचे काही दिसत नाही.’

तिच्या बोलण्यातली अडचण खरी आहे. १९९५ साली कारिकोबाईंचे वागणे योग्य होते असे आपण म्हणतो, ते कशाच्या आधारावर? पुढे लस निघाली म्हणून? मग समजा महासाथ आलीच नसती, तर तेच वागणे हेकटपणाचे ठरले असते काय? एखाद्या कृत्याची योग्यता तीस वर्षांनी येणाऱ्या फळावर टांगून ठेवायची, तर कृत्य करणाऱ्याला त्या वेळी धरायला काहीच उरत नाही. फळाची आशा सोडून कर्म करा, असे गीतेचा हवाला देऊन सांगता येईल. पण हट्टी माणूससुद्धा नेमके हेच सांगून आपला हट्ट चालवतो! तेव्हा निष्ठा कोणती आणि हट्ट कोणता, हे फळ दिसण्यापूर्वीच ओळखण्याची काही खूण असली पाहिजे. ती खूण बाईंच्या सोसण्यात सापडणार नाही, सोसतात दोघेही. ती त्यांच्या कामात शोधावी लागते, आणि त्यासाठी थोडे रसायनशास्त्र समजून घ्यावे लागते.

पेशीच्या केंद्रात डीएनएची मूळ पोथी कडीकुलपात असते. प्रथिन घडवायचे झाले तर पोथी बाहेर काढत नाहीत. हव्या त्या पानाची नक्कल करून ती बाहेर धाडतात. ही नक्कल म्हणजे निरोप्या आरएनए. निरोप पोचला, काम झाले, की ती नाहीशी होते. अशी नक्कल आपण बाहेर तयार करून शरीरात सोडली, तर हवे ते प्रथिन शरीर स्वतःच घडवील, हा कारिकोबाईंचा विचार. तो वेडगळ नव्हता. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९० साली उंदराच्या स्नायूत आरएनए टोचून प्रथिन तयार होते असे दाखवले होते. पण आरएनए म्हणजे अतिशय नाजूक वस्तू. त्याचा फडशा पाडणारी द्रव्ये आपल्या बोटांवरसुद्धा असतात. बहुतेकांनी त्याचा नाद सोडला.

१९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस विद्यापीठाच्या नक्कलयंत्रापाशी त्यांची गाठ वाइसमन यांच्याशी पडली. नकला काढायला आलेल्या दोघांनी नकलेवरच आयुष्य घालवावे, हा एक गमतीचा योग. वाइसमन यांनी बाईंचा आरएनए रोगप्रतिकारक पेशींवर घालून पाहिला, तर पेशी खवळल्या. दाह उत्पन्न झाला. ज्यांना आरएनएचे औषध करायचे होते, त्यांना यापेक्षा वाईट बातमी नव्हती.

मला वाटते, सारा कस येथे लागतो. १९९५ साली नव्हे. हट्टी माणूस म्हणाला असता, नमुना अशुद्ध असेल, पेशी खराब असतील, वाइसमनचा हात चुकला असेल. बाईंनी निकाल मान्य केला आणि त्यातूनच पुढचा प्रश्न काढला : आपल्या शरीरात जागोजागी आरएनए आहे, मग त्याने सतत दाह का होत नाही? त्यांनी आरएनएचे निरनिराळे प्रकार तपासले. प्रथिनाचे घटक वाहून नेणारा जो हमाल आरएनए, त्याने पेशी खवळत नव्हत्या. या हमालाची काही अक्षरे निसर्गतःच थोडी बदललेली असतात. तेव्हा युरिडिन या अक्षराच्या जागी त्याचेच जरा वेगळे रूप, स्यूडोयुरिडिन, घालून पाहिले. आणि दाह शमला. हा शोध २००५ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी एका नामवंत नियतकालिकाने तो किरकोळ भर म्हणून परत पाठवला होता. छापून आल्यावरही फारसा गाजावाजा झाला नाही.

म्हणजे ज्या गोष्टीवर त्यांची श्रद्धा, तिच्याविरुद्ध आलेला पुरावा त्यांनी घरात घेतला, त्याला बसायला पाट दिला. ही गोष्ट फळाच्या पंधरा वर्षे आधी, डोळे उघडे ठेवणाऱ्या कोणालाही दिसू शकली असती. विद्यापीठाला २०२० दिसले नाही, हा काही माझ्या मते त्याचा दोष नव्हे. ते कोणालाच दिसत नसते, आणि पैसा तर नेहमीच तोकडा असतो. पण अनुदान किती आले हे मोजणे सोपे, आणि माणूस आपल्याविरुद्ध गेलेल्या निकालाशी कसा वागतो हे पाहणे वेळखाऊ. सोपे ते मोजले गेले.

कहाणीत न बसणारी आणखी एक गोष्ट. त्या काळात आपण दुःखी नव्हतो, असे बाई सांगत आल्या आहेत. त्यांच्या नवऱ्याने एकदा त्यांच्या कामाच्या तासांचा आणि पगाराचा हिशेब मांडून तासाला एक डॉलर पडतो असे दाखवले. आणि तू कामाला नव्हे, मजा करायला जातेस, असेही तो म्हणे. खोपटातली नावडती राणी खोपटातच रमली, तर कहाणी सांगणाऱ्याची पंचाईत होते. मात्र त्या मजेची किंमत घरानेही मोजली असणार. तिचा हिशेब बाहेरच्याने मांडू नये.

फराळ आटोपल्यावर पुतणीने आपल्या वह्या दाखवल्या. मला त्यातले थोडेच कळते. वर्षभरात तीन निकाल तिच्या मूळ कल्पनेविरुद्ध गेले होते. तिन्ही तिने वहीत नीट चिकटवले होते, आणि तिसऱ्यापुढे तांबड्या शाईने एक लांबलचक प्रश्न लिहिला होता. तो वाचून दाखवताना ती उत्तराची शक्यता सांगू लागली, आणि आपण काम सोडावे की नाही हे मला विचारायचे राहून गेले. भाऊबीजेच्या रात्रीच्या गाडीने ती परत गेली. पेशींना सुट्टी नसते म्हणाली. वहिनींनी चकल्यांचा डबा बरोबर दिला.

तिला अजून काही सापडलेले नाही.