उंदीर मारताना



मागच्या पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघरात उंदीर शिरला. बाजारातून चिकट पुठ्ठा आणून मी तो ज्वारीच्या कोठीमागे ठेवला. विष नाही, रक्त नाही, सोपे काम, असे वाटले. पहाटे बारीक चिरकण्याच्या आवाजाने जाग आली. उंदीर चारही पायांनी चिकटला होता आणि सुटण्याच्या धडपडीत त्याचे तोंडही गोंदात रुतत चालले होते. बायकोने विचारले, "आता याचं काय करायचं?" मला उत्तर सुचेना. शेवटी पुठ्ठा दुमडला, कॅरीबॅगमध्ये घातला, जिवंतच कचऱ्यात टाकला आणि मिस्साला आलो. त्या रविवारी प्रवचनात फादर काय म्हणाले, मला आठवत नाही.

उंदराचे एवढे काय मनाला लावून घ्यायचे, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. उंदीर हा काही निरुपद्रवी पाहुणा नव्हे. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगची साथ आली, ती आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने माणसे गेली. तो आजार उंदरांच्या मुतातून पसरतो. शेतकऱ्याला तर सांगायलाच नको. धुऱ्यावर बिळे दिसू लागली की हरभऱ्याचे काय होणार, हे त्याला ठाऊक असते. पवित्र शास्त्रातही शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात भूमीची नासाडी करणारे उंदीर आहेत.

तेव्हा मारावे की नाही, हा माझा प्रश्न नाही. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी मान्यता दिलेल्या कॅटेकिझममध्ये २४१५ ते २४१८ या परिच्छेदांत प्राण्यांविषयी शिकवण आहे. माणसाने आपल्या गरजेसाठी प्राण्यांचा उपयोग करणे तिथे योग्य मानले आहे. पण त्यांना विनाकारण यातना देणे किंवा विनाकारण मारणे हे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असेही म्हटले आहे. माणसाच्या प्रतिष्ठेला! म्हणजे त्या पहाटे कमीपणा आला तो मला.

मग विनाकारण कशाला म्हणायचे? झटक्यात जीव घेणारा साधा चाप दुकानात मिळत असताना तासन्‌तास तडफडवणारा पुठ्ठा वापरणे, हे माझ्या मते विनाकारणच. १९६० च्या कायद्याने प्राण्यांना अनावश्यक वेदना देणे गुन्हा ठरवले आहे. पिंजरा पाण्याच्या बादलीत बुडवणे ही आपल्याकडची जुनी रीत, पण तीही सुटसुटीत नाही. उंदीर पोहणारा प्राणी आहे, तो बराच वेळ झगडतो.

विषाचे मरण आपल्या डोळ्यांआड होते, म्हणून ते सभ्य वाटते. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या खाल्लेला उंदीर अंगातल्या अंगात रक्तस्राव होऊन काही दिवसांनी मरतो. तोवर तो सुस्त होऊन उघड्यावर फिरतो. त्याला मांजर खाते, गव्हाणी घुबड खाते आणि ते विष त्यांच्याही पोटात जाते. जे घुबड फुकट आपले वावर राखते, त्यालाच आपण मारतो. पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टबद्दल तर मला स्पष्ट बोलायचे आहे. ती खाल्लेला माणूस पहिला-दुसरा दिवस बरा दिसतो, घरच्यांना वाटते वाचला, आणि मग यकृत निकामी होते. आपल्या जिल्ह्यात किती शेतकरी घरांनी काय सोसले आहे, हे आपण जाणतो. तशी ट्यूब स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवताना फक्त उंदराचा विचार करून भागत नाही.

काहीजण म्हणतात, "आमच्यानं मारवत नाही, आम्ही पिंजऱ्यात धरतो आणि नाल्यापलीकडे सोडून येतो." त्यांचे मन हळवे आहे, मी त्यांना हसत नाही. पण नाल्यापलीकडेही कोणाचे तरी वावर असते, कोणाचे तरी घर असते. घरात वाढलेल्या उंदराला तिथे ना बीळ, ना ओळखीचा दाणा. तो मेला तर आपल्याला दिसत नाही, जगला तर शेजाऱ्याचे नुकसान. न दिसण्यालाच आपण दया म्हणतो की काय, अशी मला शंका येते.

त्या पहाटेनंतर मी कोठीमागची भिंत नीट पाहिली. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून घरातला लहान उंदीर आत येतो. मादी सुमारे तीन आठवड्यांत विते आणि एका वेताला सहा-आठ पिल्ले सहज होतात. अन्न उघडे आणि फट मोकळी असेल, तर एक मारला की दुसरा येणारच. मग आपल्या आळसापायी जे उंदीर मरतात, ते विनाकारणच मेले म्हणायचे ना? हा हिशोब मला आधी सुचला नव्हता. काचेचे तुकडे आणि सिमेंट घालून फट बुजवली, दाणे पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात गेले, अंगणातला कुटाराचा ढीग भिंतीपासून लांब सरकवला. दोन दिवसांचे काम होते. तीन वर्षे टाळत आलो होतो.

एक उंदीर मात्र अजून माळ्यावर आहे, रात्री खुडबुड ऐकू येते. त्याच्यासाठी चाप लावला आहे. सकाळी उठल्यावर तो मी स्वतः पाहतो, मुलांवर सोपवत नाही.