नगण्य
इंग्लंडात नॉरिचजवळ ए-४७ या हमरस्त्याची तीन कामे निघाली. तिथले माजी लोकप्रतिनिधी अँड्र्यू बॉसवेल यांनी विचारले, तिन्हींचा कर्बवायू एकत्र का धरीत नाही? २०२४ साली अपील-न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले. कायद्याविषयी मी काय बोलावे? पण साऱ्या देशाच्या हिशेबाशी ताडले, तर कोणताही एकटा रस्ता नगण्यच ठरणार! नगण्य म्हणजे जे मोजण्याजोगे नाही ते; इथे तर मोजूनच त्याला नगण्य ठरविले. खुलभर दुधाने गाभारा भरल्याची कहाणी आपण श्रावणात ऐकतो. (तिचा रोख भावावर, मापावर नाही, हे खरे.) पुण्याचा थेंब धरायचा आणि पापाचा सोडायचा, ही कुठली रीत? मोटार घेताना मीही मनाशी म्हटलेच होते, एका गाडीने काय होते?