वाळकी फांदी

चिंच कुणाची, हा प्रश्न आमच्या गावात कधी पडलाच नाही. रान वडिलांच्या, म्हणजे तात्यांच्या नावावर. दरसाल चिंचा झोडपून व्यापाऱ्याला घालायच्या, त्याही आम्हीच. सावली मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याची. झाड बांधावर, फांद्या रस्त्यावर. त्यातली एक फांदी पडली तेव्हा ती कुणाची, हे ठरवायची वेळ आली.

मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यानं ती मोडली. खाली शेजारच्या गावच्या एका पोराचा छोटा हत्ती उभा होता. पोरगा भाकरी खाऊन हात धुवायला बोअरकडे गेला होता, म्हणून वाचला. पुढची काच गेली, केबिनचा टप बसला. गॅरेजवाल्यानं बावीस हजार सांगितले. गाडी कर्जावरची, विमा फक्त थर्ड पार्टीचा. म्हणजे याच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो कामाला येणार. याच्या स्वतःच्या काचेला त्यातून दमडी नाही. वर ऐन हंगामात भाडी बुडाली ती वेगळीच.

मी पुण्याहून गेलो तोवर घरात दोन तट पडले होते. थोरला भाऊ तालुक्याला वकिलाकडे जाऊन आलेला. वकिलानं सांगितलेलं असं, की धडधाकट झाड वादळानं पडलं तर मालक बांधील नाही, ती दैवी आपत्ती. पण धोका ठाऊक असून, किंवा ठाऊक व्हायला हवा असून, मालकानं काही केलं नाही, तर तो निष्काळजीपणा. त्यानं राजकोटचा दाखलाही दिला. तिथं ऑफिसला निघालेल्या माणसावर रस्त्याकडेचं झाड पडलं, माणूस गेला. खालच्या कोर्टांनी महापालिकेला जबाबदार धरलं, पण १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानं ते फिरवलं. मग वकील म्हणाला, "फांदी वाळल्याचं ठाऊक नव्हतं, एवढंच सांगायचं."

तात्यांचं घोडं तिथंच अडलं. त्या फांदीला दोन वर्षं पालवी नव्हती. शेजारच्या फांदीला आग्या मोहोळ, म्हणून कुणी वर चढत नव्हतं. "साळंच्या पोरास्नी ठाऊक होतं. मलाच तेवढं ठाऊक नव्हतं म्हणू?"

कायदा जाणिवेचा प्रश्न विचारतो, हे मला रास्तच वाटतं. माणसाला जे दिसूच शकत नाही त्याचा जाब त्याला कसा विचारणार? पण त्यातून एक चमत्कारिक गोष्ट निघते. जो रोज आपल्या झाडाखाली जातो, वर बघतो, तो सापडतो. शहरात राहून वर्षाकाठी एकदा खंड न्यायला येणारा 'मला काय माहीत' म्हणून मोकळा होऊ बघतो. त्यालाही ठाऊक असायला हवं होतं, असं कायदा म्हणतो खरा. पण ते शाबित करायचं ओझं काच फुटलेल्याच्या डोक्यावर. अज्ञान ही शहरात परवडणारी चैन आहे. गावात कुणाच्या म्हशीला कधी रेडकू झालं हेही सगळ्यांना ठाऊक असतं.

भावाचं म्हणणंही मला टाकाऊ वाटत नाही. तो चिकट नाही. तो म्हणाला, "सावलीचं भाडं घेतो का आपण? उद्या सगळे झाडं पाडतील." खरंच पाडतात. चिंच तोडायला १९६४ च्या कायद्यानं परवानगी लागते, तरी आमच्या रस्त्याची किती झाडं रातोरात गेली ते मी बघितलंय. ज्यानं झाड राखलं त्यानंच भरायचं, हा कुठला न्याय? तात्यांनी एवढंच विचारलं, "सावलीचं घेत न्हाय, पर चिंचंचं घेतो का न्हाय?"

पोरगा कोर्टात जाऊ शकला असता. मुंबईला लहान दाव्यांसाठी लघुवाद न्यायालय आहे. आमच्याकडे तालुक्याचं दिवाणी कोर्ट. फी, वकील, तारखा, आणि प्रत्येक तारखेला एक भाडं बुडणार. लोकअदालतीत फी नाही, तिथल्या निवाड्यावर अपीलही नाही. पण त्याला दोघांनी राजी व्हावं लागतं. आणि दोघं राजी असले तर आमचा ओटा कुठं लांब होता?

ओट्यावर तात्यांनी सरळ सांगितलं, "वाळली होती. मला ठाऊक होतं." पुढं बावीसचा आकडा येणार म्हणून भाऊ उठून आत गेला. पोरगा खाली बघत बसला. मग म्हणाला, "तात्या, मलाबी दिसत हुती की. मी रोजच लावतो तिथं."

वकिलाच्या भाषेत याला दोघांचाही निष्काळजीपणा म्हणतात. मला वाटतं, अर्धं-अर्धं झालं ते मधला आकडा म्हणून नाही. दोघांनाही खोटं बोलून सुटता येत होतं आणि दोघंही बोलले नाहीत, म्हणून झालं. अकरा हजार ठरले. सहा लगेच, पाच चिंचा विकल्यावर.

भावानं 'झाडाखाली वाहन लावू नये' अशी पाटी रंगवली होती. वकील म्हणाला, पाटी लावलीत तर धोका ठाऊक होता याचा तो पुरावाच होईल. पाटी अजून गोठ्यात आहे.

पावसाच्या तोंडाला मोहोळ उठून गेलं. तात्यांनी माणूस चढवून राहिलेल्या दोन वाळक्या फांद्या उतरवल्या. सरपण त्याच पोराच्या टेम्पोतून घरी आलं. भाडं त्यानं रोख घेतलं.