लेकरांच्या चालीने



पावसाळा सरून हवा निवळली, की आपल्या शिरूर-दौंड भागातल्या घरांत शनिवार-रविवारच्या सहलीचे बेत सुरू होतात. ‘फादर, पोरांना घेऊन एका दिवसात कुठे जाऊन येता येईल?’ असे आम्हांला विचारले जाते. ठिकाणांना तोटा नाही. शिरूरकरांना निघोजचे रांजणखळगे आणि मोराची चिंचोली जवळ; दौंडकरांना केडगाव, सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य आणि भिगवणचे पाणपक्षी. ही यादी पाच मिनिटांत होते. पण तिच्यापेक्षा अवघड असा एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. सहलीला निघालेल्या कुटुंबाने कोणाच्या चालीने चालावे? गाडी चालवणाऱ्या बापाच्या, डबे भरणाऱ्या आईच्या, की मागच्या सीटवर पेंगणाऱ्या चार वर्षांच्या लेकराच्या?

प्रश्न किरकोळ वाटेल. पण आपली भाषा ऐका. ‘आम्ही एका दिवसात चार ठिकाणे केली,’ असे आपण म्हणतो. ठिकाण ‘करायचे’ म्हटले, की ते उरकायचे काम होते. मग लेकराला उलटी झाली तरी गाडी थांबवणे जिवावर येते, ते दगड गोळा करत बसले की ‘चल, उशीर होतोय’ असे ओरडले जाते, आणि संध्याकाळी थकून घरी आल्यावर वाक्य येते, ‘तुमच्यासाठी एवढा खर्च केला, तरी तोंड वाकडेच!’ ज्या लेकराला आनंद द्यायला निघालो, त्याच्या माथी आपण कर्ज टाकून परत येतो.

पवित्र शास्त्रात या प्रश्नावर एक सुंदर प्रसंग आहे. उत्पत्तीच्या ३३व्या अध्यायात याकोब अनेक वर्षांनी आपला भाऊ एसाव याला भेटतो. मने जुळतात आणि एसाव म्हणतो, आता आपण बरोबरच पुढे जाऊ. त्याच्यासोबत चारशे माणसे आहेत, धडधाकट आणि वेगाने चालणारी. याकोब नम्रपणे नकार देतो. माझी मुले कोवळी आहेत, कळपात दूध पाजणाऱ्या माद्या आहेत, एक दिवस जरी दामटले तरी जनावरे मरतील. तुम्ही पुढे व्हा, मी गुरांच्या आणि लेकरांच्या चालीने हळूहळू येतो, असे तो सांगतो. पराक्रमी भावासमोर आपली संथ चाल कबूल करण्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

इथे कोणी म्हणेल, ‘फादर, मग काय मुलांनाच घराचा राजा करायचे? ती तर मोबाईल आणि आइस्क्रीम यांपलीकडे काही मागणार नाहीत.’ शंका योग्य आहे. पण लेकराची इच्छा वेगळी आणि लेकराची कुवत वेगळी. कुठे जायचे हे याकोबाने मुलांना विचारले नाही. किती वेगाने जायचे हे मात्र त्यांच्या पायांकडे पाहून ठरवले. आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे: दिशा थोरांनी ठरवावी, चाल लहानांच्या कुवतीने ठरावी. दिशाही मुलांवर सोपवली, तर तो लाड होतो. चालही थोरांनीच ठरवली, तर ती बळजोरी होते.

संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्गुणाची आठ अंगे सांगितली. त्यांत दूरदृष्टी, भोवतालच्या परिस्थितीचे भान आणि सावधपणा ही अंगे आहेत, आणि दूरदृष्टीला त्यांनी प्रमुख स्थान दिले आहे. तेव्हा सहलीचा बेत आखणे हे निव्वळ व्यवहाराचे काम समजू नये. स्वतः पुढचे पाहू न शकणाऱ्या लेकरासाठी आपण पुढचे पाहतो, हे प्रेमाचेच काम आहे. दोन तासांनी त्याला भूक लागेल, दुपारी झोप येईल, उन्हात त्याचे डोके दुखेल, हे आदल्या दिवशी ज्याच्या मनात येते, त्याने अर्धी सहल साधली.

देशाच्या कायद्यानेही हे तत्त्व मानले आहे. चार वर्षांखालील मूल मोटारसायकलवर असेल, तर त्याला चालकाशी बांधणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांवरील मुलाला हेल्मेट हवे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा, असा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा न लावता मोटारीत बसवले, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार १,००० रुपये दंड आहे. मोटारसायकलवर चालकामागे एकाच माणसाला मुभा आहे. आईबाप आणि दोन मुले असे चौघे नगर रस्त्यावरून निघणे हे धाडस परवडणारे नाही. अशा घराने एसटी घ्यावी. केडगावला जायचे, तर दौंड-पुणे लोहमार्गावर स्थानकच आहे.

पाण्याच्या बाबतीत तर कोणतीही हयगय नको. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. त्यांत दोन लहान मुले होती. भिगवणला पक्षी पाहायला बोटीत बसाल, तेव्हा प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट असेल तरच बसा, आणि वारा सुटला तर काठावरूनच पक्षी पाहा. निघोजला कुकडीच्या पात्रात, पाण्याबरोबर गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी कातळात कोरलेले रांजण पाहताना लेकराचा हात सोडू नका.

चाल संथ ठेवली म्हणून थोरांचे काही बुडत नाही. चिंचोलीचे मोर सकाळी लवकर आणि संध्याकाळी दिसतात. चार ठिकाणे उरकणारा तिथे भर दुपारी पोहोचतो. मयूरेश्वरच्या माळावर चिंकारा दिसावा, तर शांत बसून राहावे लागते. केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे तिथेच निधन झाले. तिथे आधी विचारून जावे आणि मुलांना त्यांची गोष्ट सांगावी. सहा महिन्यांच्या रमाबाईंना वेताच्या पेटीत ठेवून, माणसाच्या डोक्यावरून डोंगराखाली आणले होते. तिथून त्या कुटुंबाची वर्षानुवर्षांची पायी भटकंती सुरू झाली.

चाल पायांची असते, तशी मनाचीही असते. हंगामात ऊसतोडीच्या बैलगाड्या रस्त्याने जाताना दिसतात. त्यांवर संसार असतो, आणि लेकरेही असतात. मागच्या सीटवरून प्रश्न येतो, ‘ही मुले शाळेत का नाहीत?’ एकाच रस्त्याने एक लेकरू मजेसाठी निघालेले असते आणि दुसरे पोटासाठी. घाईत असलेला बाप म्हणतो, ‘तू पुढे बघ.’ ज्याच्या बेतात थोडी सवड आहे, तो गाडी कडेला घेऊन खरे उत्तर देऊ शकतो. त्या दिवशी एवढेच झाले आणि भिगवण राहून गेले, तरी सहल वाया गेली असे आम्ही म्हणणार नाही.

शेवटी दिशेबद्दल. रविवारी आराधनेबरोबर शरीराला आणि मनाला योग्य विसावा मिळावा, असे धर्मसभेचा कायदाच सांगतो. तेव्हा सहलीला निघताना अपराधी वाटायचे कारण नाही. मिस्सा मात्र बेतातून गळू नये. शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेनेही रविवारचे कर्तव्य पूर्ण होते. योसेफ आणि मरिया दरवर्षी वल्हांडणासाठी यरुशलेमला जात. येशू बारा वर्षांचा असताना परतीच्या वाटेवर, तो सोबतच्या लोकांत असेल असे समजून ते एक दिवसाची वाट चालून गेले, आणि चूक कळताच मागे फिरले. पुढे गेलेले अंतर त्यांनी मोजत बसले नाही.

येत्या शनिवारी गाडी सुरू करण्याआधी आपल्यातला सर्वांत लहान प्रवासी कोण, हे एकदा मागे वळून पाहा. तुमचा प्रवास सुखाचा होवो.