संशयाचा फायदा

भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायात श्रीकृष्णांनी संशयी पुरुषाविषयी जे सांगितले आहे ते अतिशय कठोर आहे. अशा मनुष्याला हा लोक नाही, परलोक नाही आणि सुखही नाही. देवळातील प्रवचनांतून हे ऐकतच आपण सारे लहानाचे मोठे झालो. पुढे आम्ही वकिलीचा व्यवसाय पत्करला तेव्हा मात्र ध्यानात आले की, फौजदारी न्यायाची सारी इमारत याच संशयाच्या पायावर उभी आहे. न्यायाधीशाच्या मनात सयुक्तिक संशय उरला, तर त्याचा फायदा आरोपीस मिळालाच पाहिजे. जो संशय साधकाचा नाश करतो तोच न्यायासनावर सद्गुण कसा ठरतो? या प्रश्नाचा उलगडा करण्यास आम्हांस सर्वांत अधिक साहाय्य झाले ते कोणा भाष्यकाराचे नव्हे, तर दोन जुन्या अमेरिकन बोलपटांचे. देवस्थानच्या मासिकात हॉलिवूडचे नाव पाहून काही वाचकांच्या भुवया वर जातील. त्यांनी थोडा धीर धरावा.

दोन्ही चित्रपटांत प्रमुख नट एकच, हेन्री फोंडा. पहिला विल्यम वेलमन याने दिग्दर्शित केलेला १९४३ सालचा ‘द ऑक्स-बो इन्सिडेंट’, दुसरा सिडनी ल्युमेट याचा १९५७ सालचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’. फोंडा चौदा वर्षांचा असताना, १९१९ च्या सप्टेंबर महिन्यात, नेब्रास्कातील ओमाहा शहरात एका प्रचंड जमावाने न्यायालयाच्या इमारतीस आग लावली, आत कैदेत असलेल्या विल ब्राउन या कृष्णवर्णीय इसमास बाहेर ओढून काढले आणि त्याला ठार केले. मध्ये पडलेल्या नगराध्यक्षालाही फासावर चढवण्याचा प्रयत्न झाला; तो कसाबसा वाचला. फोंडाच्या वडिलांचा छापखाना समोरच होता. त्याच्या खिडकीतून बापलेकांनी हे सारे पाहिले, असे फोंडाने स्वतः सांगून ठेवले आहे. एखाद्या नटाच्या भूमिकांचा उगम त्याच्या आयुष्यात शोधण्याची हौस आम्हांस नाही. परंतु १९३९ साली जॉन फोर्डच्या चित्रपटात तरुण लिंकन होऊन तुरुंगाच्या दारात जमावाला अडवणारा हा मनुष्य ओमाहाची ती रात्र विसरला असेल, असे मानणे कठीण आहे.

‘ऑक्स-बो’ची कथा १८८५ सालच्या नेव्हाडातील. गावात वार्ता येते की, किंकेड नावाच्या पशुपालकाचा खून होऊन त्याची गुरे चोरीस गेली. शेरीफ गावात नाही. जमलेले लोक त्याच्या दुय्यमाकरवी, तसा अधिकार नसताना, आपणांस कायद्याचे रक्षक म्हणून शपथ देववून घेतात आणि रात्री डोंगरातल्या एका खोऱ्यात झोपलेल्या तीन वाटसरूंना पकडतात. येथे वकील या नात्याने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्या तिघांविरुद्धचा पुरावा मुळीच क्षुल्लक नव्हता. किंकेडची गुरे त्यांच्यापाशी होती, खरेदीची पावती नव्हती, आणि एकाजवळ तर किंकेडचे पिस्तूल सापडले. कोणत्याही दंडाधिकाऱ्याने त्यांना कोठडीत ठेवलेच असते. त्यांच्यातला तरुण परोपरीने सांगतो की, गुरे विकत घेतली आहेत, पावती मागाहून टपालाने यायची आहे, उजाडेपर्यंत थांबा, चौकशी करा. मते घेतली जातात. फाशी नको म्हणून अवघे सात जण बाजूला उभे राहतात. फोंडाचा गुराखी त्यांपैकी एक. पहाटे तिघांनाही झाडाला लटकवले जाते. परतीच्या वाटेवर शेरीफ भेटतो आणि कळते की, किंकेड मेलेलाच नाही.

महाभारताच्या आदिपर्वातील अणीमांडव्याची कथा येथे आठवल्यावाचून राहत नाही. चोर त्याच्या आश्रमात लपले, मौनव्रती ऋषी काही बोलला नाही, आणि राजाने त्यालाही चोरांबरोबर सुळावर चढवले. त्या राजाच्या बाजूने निदान एवढे तरी म्हणता येईल की, आरोपी गप्प होता. नेव्हाडातल्या त्या लोकांना ही सबब नाही.

आता आपल्या भाषेकडे पाहू. ज्याच्यावर वहीम आहे त्याला आपण ‘संशयित’ म्हणतो, आणि ज्या कारणाने तो सुटतो त्याला ‘संशयाचा फायदा’. एकच शब्द माणसाला पिंजऱ्यात उभे करतो आणि तोच त्याला मुक्त करतो. दोहोंत भेद आहे तो दिशेचा. पहिला संशय दुसऱ्याच्या वर्तनावर रोखलेला असतो, दुसरा आपल्याच निष्कर्षावर. त्या जमावाजवळ पहिल्या संशयाचा तोटा नव्हता. दुसऱ्याचा लवलेशही नव्हता. गीतेने निषेध केला आहे तो श्रद्धाहीन मनाच्या धरसोडीचा, जे कोणताच विचार शेवटास नेत नाही. त्याच अध्यायाच्या अखेरीस संशय ज्ञानाच्या शस्त्राने छेदावा असे सांगितले आहे. ज्ञानाने छेदावा; हात वर करून नव्हे. आणि ज्या अर्जुनाला हा उपदेश केला, त्याला अठरा अध्यायांपर्यंत प्रश्न विचारू दिले व शेवटी या सर्वांचा पूर्ण विचार करून तुला रुचेल तसे कर असेच म्हटले, हेही विसरता कामा नये.

‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’मधला खटला बापाच्या खुनाचा आहे. आरोपी अठरा वर्षांचा मुलगा. गुन्हा शाबीत झाला तर देहान्त शिक्षा. उकाड्याचा दिवस, बंद पडलेला पंखा, आणि एका ज्यूरराच्या खिशात संध्याकाळच्या सामन्याचे तिकीट. आरंभी अकरा हात ‘दोषी’ म्हणून वर जातात. फोंडाचा ज्यूरर एकटाच विरुद्ध असतो, पण मुलगा निर्दोष आहे असे तोही म्हणत नाही. एका जिवाचा निकाल चर्चेवाचून पाच मिनिटांत लावू नये, एवढेच त्याचे मागणे. मग लंगडा म्हातारा साक्षीदार सांगितलेल्या पंधरा सेकंदांत दारापर्यंत पोहोचेल काय, हे ते चालून मोजतात. धावत्या आगगाडीच्या डब्यांतून खून पाहणाऱ्या बाईच्या नाकावर चष्म्याचे व्रण होते, हेही कोणाला तरी आठवते. ल्युमेटने कॅमेरा हळूहळू डोळ्यांच्या पातळीखाली नेला आहे, त्यामुळे उत्तरार्धात छत माणसांवर उतरू लागल्यासारखे भासते.

फोंडाने खुनातल्यासारखाच चाकू स्वतः बाजारातून विकत आणून मेजावर रोवावा, हे कायद्याला धरून नाही. ज्यूररने न्यायालयाबाहेर पुरावा शोधायचा नसतो. पण आम्हांस याहून अधिक अस्वस्थ करणारा प्रसंग निराळा आहे. तो म्हणतो, तुम्ही अकरा जण गुप्त मतदान करा, मी मत देणार नाही. अकराही मते ‘दोषी’ पडली तर मी तुमच्याबरोबर येतो. एका मुलाचा प्राण त्याने चिठ्ठ्यांवर लावला! संशय प्रामाणिक असेल तर तो बहुमतापुढे मागे का घ्यावा? आमचे मत असे की, नीतीच्या काट्यावर ही त्याची उणीवच आहे. तरी तिच्यामागचा भाव समजू शकतो. एकट्याचा संशय हा विवेक आहे की अहंकार, हे त्या एकट्याला कळत नाही. निदान एक सोबती मिळावा, अशी त्याची धडपड आहे. तो मिळतो, सर्वांत वृद्ध ज्यूररच्या रूपाने.

आपल्याकडे ज्यूरीची पद्धत आता राहिलेली नाही. १९५९ साली मुंबईच्या नानावटी खटल्यात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी ‘निर्दोष’ म्हटले. सत्र न्यायाधीशांनी तो कौल न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि तेथे आरोपी दोषी ठरला. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला स्थानच उरले नाही. बासू चतर्जी यांनी १९८६ साली ‘एक रुका हुआ फैसला’ या नावाने हीच कथा हिंदीत आणली, तेव्हा देशात असे बारा जण कोठेही बसत नव्हते. न्यायालयात बसत नव्हते, असे म्हणणे अधिक बरोबर. जमाखर्चाचे कागद वाचले जाण्याआधीच एखाद्याला चोर ठरवणारे, लग्न मोडलेल्या मुलीच्या वर्तनाचा निकाल प्रसादाच्या रांगेत लावणारे ज्यूरर आपल्या सभामंडपांत आजही भेटतात, आणि तेथे पहिले मतदान बहुधा शेवटचेच असते.

चित्रपट पाहून झाल्यावर कोणीतरी हमखास विचारतो, “पण मग बापाला मारले कोणी?” चित्रपट ते सांगत नाही. मुलाचा चेहरा आपल्याला आरंभी क्षणभर दिसतो, पुन्हा नाही. तो खुनीही असू शकेल. ज्यांनी त्याला सोडले त्यांनाही हे ठाऊक आहे. पाऊस पडून गेलेला असतो. न्यायालयाच्या पायऱ्यांवर तो वृद्ध फोंडाला हाक मारून नाव विचारतो, फोंडा सांगतो, म्हातारा आपले नाव सांगतो, आणि दोघे आपापल्या वाटेने निघून जातात.