दुरुस्ती कुठे थांबवावी?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी वडिलांना घेऊन घरी आली. इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली. हैदराबादला मावशीकडे राहून एम. ए. करायचे आणि त्यात जमेल तेवढे ललित लेखनाचेच विषय घ्यायचे, असा तिचा बेत होता. वडील व्यापारी माणूस. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारले, "सर, लिहायला तर पहिलीतच शिकवता तुम्ही. मग एम. ए. ला पुन्हा काय शिकवतात?"

मी हसलो, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मी स्वतः मराठीचा एम. ए. दोन वर्षे रससिद्धान्त वाचला, कादंबरीची घटकतत्त्वे पाठ केली. परंतु स्वतःची एक ओळ लिहून दाखव, असे मला कोणीही म्हटले नाही. लेखन ही दैवी देणगी, ती शिकवायची कशी, अशी आपल्याकडे समजूत. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने १९३६ साली लेखनाची कार्यशाळाच उघडली. इंग्लंडात ईस्ट अँग्लिया विद्यापीठात १९७० मध्ये लेखनाची एम. ए. सुरू झाली, तिथून १९८० मध्ये बाहेर पडलेल्या काझुओ इशिगुरो यांना २०१७ साली नोबेल मिळाले. पद्धत तशी साधी. विद्यार्थ्याने आपले कच्चे लिखाण सर्वांना वाटायचे, दहा-बाराजणांनी ते वाचून यायचे, आणि ते बोलत असताना लिहिणाऱ्याने गप्प बसून ऐकायचे. (गप्प बसणे हाच त्यातला अवघड भाग असावा.)

हे सारे परदेशी खूळ, असे कोणी म्हणेल. पण ज्या हैदराबादला ही मुलगी निघाली होती, तिथे अशी शिकवणी जुनीच. तिला 'इस्लाह' म्हणत. शागिर्दाने आपली गझल उस्तादापुढे ठेवायची, उस्तादाने एखादा शब्द बदलायचा, वजन नीट करायचे. दिल्लीचे दाग देहलवी हैदराबादेत आले आणि सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे काव्यगुरू झाले. १९०५ साली तिथेच वारले. दूरदूरचे शागीर्द त्यांना टपालाने गझला पाठवीत. त्यांत पंजाबातला एक तरुण होता. काही काळ दुरुस्त्या झाल्यावर दागनी त्याला कळवले की, आता तुमच्या गझलेत दुरुस्तीला फारशी जागा राहिलेली नाही. तो तरुण म्हणजे इक्बाल.

या हकिकतीत मला मोठे वाटते ते दागांचे हे कळवणे. शागीर्द जितके जास्त, तितका उस्तादाचा मान मोठा. तरीही त्यांनी हात काढून घेतला. विद्यापीठात हे होणे कठीण. तिथे दोन वर्षे भरली की पदवी, मग दुरुस्ती सहाव्या महिन्यात पुरी झालेली असो वा जन्मात होणारी नसो. आणि जन्मात न होणाऱ्याचे काय? काश्मीरच्या क्षेमेंद्राने अकराव्या शतकात 'कविकंठाभरण' नावाचा कवींना शिकवणारा ग्रंथ लिहिला. त्यात शिष्यांचे तीन प्रकार आहेत: थोड्या प्रयत्नाने साधणारा, कष्टाने साधणारा आणि मुळीच न साधणारा. तिसऱ्या प्रकारात त्याने दगडासारखे मन असलेल्यांबरोबर व्याकरणाने बिघडलेले आणि तर्काने होरपळलेले लोकही घातले आहेत. पंचवीस वर्षे व्याकरण शिकवल्यानंतर मी ते वाचले, तेव्हा जरा अवघडल्यासारखे झाले. असो. पण अशा तिसऱ्या प्रकारच्या शिष्याकडून फी घेणे न्यायाचे आहे का, हा प्रश्न उरतोच.

त्याहून अवघड प्रश्न माझ्या स्वतःच्या खात्यावर आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलाने 'आमचे घर' या निबंधात लिहिले होते, "आजी चुलीपाशी भाकर करूलाली अन् मांजर तिच्याकडं बघूलालं." आमच्या नांदेडच्या सीमेवरच्या तालुक्यांत घरोघरी असेच बोलतात, वर तेलुगू आणि दखनीची फोडणी. मी लाल शाईने 'करूलाली' खोडून 'करीत होती' केले, 'बघूलालं'चे 'पाहत होते' केले. पानभर असे. दहापैकी चार गुण. पुढच्या निबंधात त्याने गाईडातला उतारा जसाच्या तसा उतरवला. त्यात दुरुस्तीला जागाच नव्हती. मी सात गुण दिले! दाग थांबले ते शागीर्द तयार झाला म्हणून. माझा मुलगा थांबला तो मी त्याची आजी खोडली म्हणून. हल्ली तो अडतीवर हिशेब लिहितो. भेटला की पाया पडतो. मला ते सोसत नाही.

म्हणून लेखन शिकवता येते की नाही, यावर मला फारसा वाद घालावासा वाटत नाही. शिकवता येते, नको तितके येते. दुरुस्त करणाऱ्याला, शब्द चुकला कुठे आणि तो लिहिणाऱ्याचा स्वतःचा कुठे, हे ओळखता येते का, ही खरी अडचण. हैदराबादेत तर या मुलीचे लिखाण इंग्रजीत तपासले जाणार. तिथे आजीची भाकर आणि मांजर वाचतील का?

हे मी बोललो, तेव्हा वडिलांना आधार सापडल्यासारखे झाले. म्हणाले, "मग घरीच लिहू दे की सर. बी. रघुनाथांनी कुठं पदवी घेतली होती?" मराठवाड्यात हा दाखला हमखास येतो. खरे आहे, बी. रघुनाथ हैदराबादेत मॅट्रिक झाले, पुढे शिकणे परिस्थितीने जमले नाही, निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी पत्करली आणि ती सांभाळून कविता, कथा, कादंबऱ्या लिहिल्या. पण १९५३ साली वयाच्या चाळिशीतच ते गेले, हे आपण त्याच दमात सांगत नाही. कारकुनीतून चोरलेल्या वेळात एवढे लिहिणाऱ्याला दोन वर्षे नुसती वाचा-लिहायला मिळाली असती तर? त्यांच्या हालांचा दाखला देऊन दुसऱ्याच्या मुलीला ती दोन वर्षे नाकारावीत, हे मला पटेना. मी वडिलांना तसे स्पष्ट सांगितले. ते काही बोलले नाहीत. फी किती, एवढेच त्यांनी मुलीला विचारले.

निघताना तिने पिशवीतून एक वही काढली. "सर, मराठीतच लिहिलंय. तपासून द्याल?"

रात्री वाचली. गोष्ट तिच्या आजोळची, तेलंगणातल्या एका गावची. माणसे तेलुगूत भांडतात आणि मराठीत रडतात. मधे दोन पाने सैल आहेत, शेवट घाईचा आहे; हे मी वेगळ्या कागदावर लिहून दिले. वहीत मात्र पेन लावले नाही. एके ठिकाणी 'की' ऱ्हस्व पडला होता, तेवढा दीर्घ केला, तोही पेन्सिलीने.