एंजिनाचा रंग आणि डोंगराचे नाव

एटापल्लीस आगगाडी नाही. गडचिरोली जिल्ह्यात रूळ येतात ते दूर उत्तरेस, वडशाला. एटापल्लीच्या मनुष्यास मालगाडी पाहावयाची तर वडसा किंवा बल्लारशा गाठावे लागते. बल्लारशाच्या फलाटावर उभे राहिले की नाना रंगांची एंजिने दृष्टीस पडतात. एकाच जातीचे एंजिन एका शेडात एका रंगाचे, दुसऱ्या शेडात दुसऱ्या. मधेपुऱ्याचे 12,000 अश्वशक्तीचे जोडएंजिन आणखी निराळे.

ज्या गाडीत कोणी उतारू बसावयाचा नाही, तिच्या एंजिनास हा शृंगार कशास, असे एखादा व्यवहारी गृहस्थ विचारील. निव्वळ हौस, हे उत्तर आम्हांस पुरेसे वाटत नाही. एंजिनाच्या अंगावर त्याच्या शेडाचे नाव असते: अजनी, भुसावळ, भिलाई. एंजिन वाटेत बंद पडले, तर जाब कोणास विचारावयाचा हे त्या नावावरून कळते. रंग हा त्याच नावाचा दुरून दिसणारा भाग होय. 2012 साली अमेरिकेतील नॉरफोक सदर्न कंपनीने आपली 20 एंजिने तिच्यात विलीन झालेल्या जुन्या कंपन्यांच्या रंगांत रंगविली. यात जाहिरात नव्हती असे नाही; तथापि ज्यांनी घातलेल्या मार्गावरून आपण चालतो त्यांचे स्मरण ठेवावे, ही बुद्धीही तीत होती.

मग ज्या लोखंडावाचून ना रूळ, ना एंजिन, त्याच्या उगमाचे स्मरण कोणी ठेवावयाचे? एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघते. त्याच डोंगरावर माडिया गोंडांचा ठाकूरदेव आहे आणि तेथे दरवर्षी जत्रा भरते. भट्टीत गेलेल्या खनिजास गाव उरत नाही, ते इतर खनिजात मिसळून जाते, असा आक्षेप निघेल; तो खराही आहे. परंतु लोखंडास आपले गाव सांगता येत नाही, म्हणून ते वापरणाऱ्याने विसरावे, असे मात्र ठरत नाही.

स्मरण म्हणजे केवळ गौरवाचे चार शब्द नव्हेत. एंजिन बिघडले तर शेडास विचारता येते. डोंगर उकरताना रान तुटले, ओढ्याचे पाणी गढूळले, तर तेथील माणसाने कोणास विचारावे, हेही तितक्याच ठळक अक्षरांत लिहिलेले असावयास नको काय? रंगीत एंजिने पाहून आमचे मन आजही हरखते. त्यांच्यामागच्या वाघिणींकडे मात्र आता आम्हांस पूर्वीसारखे निश्चिंतपणे पाहवत नाही.